बाईंसाठी आउटफिटर निवडताना

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आई-वडिलांच्याही आधी माझ्या भूगोलाच्या बाईंचं नाव घेतो. आईला हे माहीत आहे आणि तिचीही त्याला हरकत नाही.

वडील शिळफाट्यावर ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. माझा दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात त्यांनी माझ्यासाठी वेगळी सुई आणून ठेवली होती. बाई कडावहून एसटीने आल्या, सरळ ताडपत्रीच्या ढिगावर बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "याला शिवायला बसवायचं असंल तर बसवा. पण आधी अकरावीचा फॉर्म भरू द्या." फॉर्म त्यांच्या पर्समध्येच होता. पुढे कॉलेजची तीन वर्षं दर रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन इंग्रजी पेपर मोठ्याने वाचत असे. उच्चार चुकला की भाकरी थापता थापता त्या आतून ओरडायच्या. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आता खोपोलीजवळच्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात नोकरी करतो आणि खालापुरात राहतो.

बाई आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि एनसीसीही त्यांच्याकडेच होती. तरुणपणी रायफल नेमबाजीत त्या राज्याच्या स्पर्धांपर्यंत गेल्या होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांच्या वाट्याचा महामार्गालगतचा जमिनीचा तुकडा विकला गेला. त्यानंतर एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"आयुष्यभर कागदाच्या गोलावर गोळ्या मारल्या," त्या म्हणाल्या, "आणि तीस वर्षं फळ्यावर टुंड्रा काढला. आता एकदा तिथं जायचं हाय. कॅरिबूच्या शिकारीला."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"दात काय दाखवतोस रं? आपल्याकडं शिकारीला बंदी हाय, ती बरोबरच हाय. तिकडं सरकार मोजून परवाने देतं. लोकं ते मटण हिवाळाभर खातात. मी काय भिंतीवर शिंगं टांगायला चाललेय?"

कॅरिबू म्हणजे रेनडिअरचाच रानटी भाऊबंद. उत्तर कॅनडात त्याची शिकार करायची तर परदेशी माणसाला परवानाधारक आउटफिटरशिवाय रानात पाऊल टाकता येत नाही. लहान विमान, तंबू, वाटाड्या, बंदूक, जेवण, परवान्याचे कागद, सगळं तोच बघतो. म्हणजे एकदा का विमान तुम्हाला त्या माळावर सोडून उडालं की तुमचा जीव त्याच्या हातात. असे शेकडो आउटफिटर आहेत आणि त्यातला एक मला निवडायचा होता.

"कारखान्यासाठी व्हॉल्व पारखून घेतोस ना?" बाई म्हणाल्या. "मग मला माणूस पारखून दे."

मला जे येतं तेच मी केलं. तीन कोटेशनं मागवली आणि तुलनातक्ता मांडला.

पहिल्याचं उत्तर त्याच दिवशी आलं. भरपूर फोटो, प्रत्येक फोटोत शिंगं धरून हसणारा माणूस, आणि खाली ठळक अक्षरांत यशाची खात्री. दुसऱ्याने तीन आठवड्यांनी कळवलं की शिकारीचा तळ यंदा हलवलाय आणि वाटाड्या अजून ठरलेला नाही. तिसरी एक बाई होती. भावाबरोबर हा धंदा चालवत होती.

खरेदीत एक सवय लागते. विकणारा आपली चांगली गिऱ्हाइकं दाखवतोच, म्हणून आपण नाराज गिऱ्हाईक शोधायचं. मी तिघांनाही एकच प्रश्न पाठवला: तुमच्याकडून रिकाम्या हाताने परतलेल्या दोघांचे फोन नंबर द्याल का? पहिला म्हणाला, आमच्याकडे असं कुणी नाहीच. दुसरा गप्प. त्या बाईने चार नंबर पाठवले. त्यातल्या दोघांना काहीही मिळालं नव्हतं, आणि तसं तिने नावापुढे लिहिलंही होतं. मी तक्त्यात तिच्या नावावर खूण केली. तिने पुढच्या मोसमातली एक जागा आमच्यासाठी शुक्रवारपर्यंत राखून ठेवली आणि दोन पानी फॉर्म पाठवला.

तो फॉर्म मी बाईंच्या समोर बसून भरला. वय, उंची, नेमबाजीचा अनुभव. त्यानंतरचा रकाना होता, हृदयाचा काही आजार किंवा शस्त्रक्रिया झाली आहे का.

मी पेन थांबवलं. मागच्या वर्षी बाईंच्या छातीत दुखलं तेव्हा त्यांना पनवेलला नेणारा मीच होतो. एक स्टेंट टाकावा लागला. पुतण्यांना त्यांनी "डोळे दाखवायला जाते" असं सांगितलं होतं आणि माझ्याकडून शब्द घेतला होता की हे दोघांतच राहील.

"नाय लिही," त्या म्हणाल्या.

मी "नाही" वर खूण केली. फार विचारही केला नाही. आमच्याकडे मोठ्या माणसाचं दुखणं परक्यासमोर उघडं करत नाहीत. कुणी विचारलं तर बरं चाललंय म्हणायचं, मग घरात सलाइन का लावलेलं असेना. मी त्याच सवयीने खूण केली आणि फॉर्म पाठवून दिला.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी गच्चीवर उभा राहून रिकाम्या हाताने परतलेल्यांपैकी एकाला फोन केला. त्याच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. निवृत्त शाळाबस चालक, बोलायला मोकळा. तंबू कोरडे, जेवण चांगलं, कळपच तिकडे फिरकला नाही, त्याला ती काय करणार, असं म्हणाला. मग सहज म्हणाला, "चौथ्या दिवशी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या."

त्या बाईने लगेच सॅटेलाइट फोनवरून विमान बोलावलं. पण धुकं उतरलेलं होतं. विमान दोन दिवसांनी आलं.

"दोन दिवस?" मी विचारलं.

"दोन दिवस. ती माझ्या शेजारी बसून होती. आणि सगळं ठीक होईल असं एकदाही म्हणाली नाही. ते मला आवडलं." तो हसला. "अपेंडिक्स होतं म्हणून वाचलो. छातीतलं काही असतं तर तुमच्याशी बोलत नसतो. तुमच्या बाईंची तब्येत धडधाकट आहे ना?"

"हो," मी म्हणालो. "एकदम."

फोन ठेवला तरी माझा हात कानाशीच होता. टोलनाक्याकडून ट्रकचे हॉर्न येत होते. कामावर जाऊन त्या दिवशी मी चाळीस गॅस्केटच्या जागी चारशेची ऑर्डर टाइप केली. शेजारच्याच्या नजरेला आली म्हणून निभावलं.

गुरुवारी संध्याकाळी कडावला गेलो. भात निघून गेलेल्या वावरांत वाल उभा होता. बाई बांधावरून चालत होत्या. पायात नवे बूट, पाठीवर शाळेच्या मुलांसारखी सॅक, सॅकमध्ये सरावाच्या वजनासाठी दहा किलो तांदूळ. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. त्या थोडं चालल्या आणि बुटाची नाडी बांधायला वाकल्या. आणखी थोडं चालल्या, पुन्हा वाकल्या. मी पावलं मोजली. दर चाळीसेक पावलांवर त्या वाकत होत्या आणि दर वेळी त्याच बुटाची नाडी बांधत होत्या.

मी जवळ गेलो तेव्हा कपाळ ओलं होतं, पण आवाज खणखणीत. "काय रं, उद्या शेवटचा दिस ना? कळवलंस का, येतो म्हणून?"

मी त्यांना बसचालकाची गोष्ट सांगितली. धुकं, दोन दिवस, सगळं.

"मग?"

"बाई, त्या रकान्यात आपण खोटं लिहिलंय."

"आपण? पेन कुणाच्या हातात होतं?"

मी सॅक घ्यायला हात पुढे केला.

"पावसाळ्यात वरच्या वाडीतनं आजारी माणूस झोळीत घालून खाली आणतात, त्याला किती येळ लागतो रं? आणि तिथली माणसं काय जगत नाय?" त्यांनी सॅक उतरवून बांधावर टेकवली. "स्टेंट घालताना डॉक्टर काय बोलला? चालत जावा. मी चालतेच हाय."

"डॉक्टरला कॅरिबूचं सांगितलंत का?"

"तू कधीपासून माझा मास्तर झालास?"

"मी विद्यार्थीच आहे, बाई. पण त्या कॅनडातल्या बाईंना खरं सांगू या. निदान विचारू या."

त्यांनी वालाची एक शेंग तोडली. मग वेगळ्याच, हळू आवाजात बोलल्या. "खरं सांगितलं की ती नको म्हणणार. आज गुडघा चालतोय. पुढच्या साली चालंल? मला कोण घेणार मग?" आणि लगेच मान वर करून, "आणि तिनं नाय घेतलं तर तो खात्रीवाला हाय की. तो कुठं काय विचारतो! त्याच्याकडं जाईन."

फॉर्म खोटा ठेवला तर बाई धुक्यात अडकण्याच्या वाटेवर. खरं सांगितलं तर ज्याला एकही प्रश्न पडत नाही अशा माणसाच्या विमानात. आणि दोन्ही नावं मीच माझ्या हाताने त्यांच्यासमोर ठेवली होती. त्या रात्री त्यांनी वालाचं बिरडं वाढलं. मी अर्धवट जेवलो. "तिखट झालं का?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि निघताना म्हणाल्या, "उद्या कळव." मी मान हलवली. त्यांच्यासमोर मला नाही म्हणता येत नाही, कधीच आलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्याच वेळी मी कॅनडातल्या त्या बाईला फोन लावला. फॉर्ममधला एक रकाना खोटा आहे, तो मी भरलाय, असं म्हणालो आणि स्टेंटचं सांगितलं.

"मग विमानाने जावं लागतं त्या तळावर मी त्यांना नेणार नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"त्या दुसऱ्या कुणाकडे जातील," मी म्हणालो. "जो विचारत नाही त्याच्याकडे."

"जातील. असे पुष्कळ जातात." ती म्हणाली, "वजन घेऊन न थांबता किती चालतात?"

"चाळीस पावलं."

"तुम्ही मोजलीत?"

"मोजली."

मग तिने आणखी बरंच विचारलं. कोणती औषधं, गुडघा कुठला, चढ की सपाटी, नेम अजून कसा आहे. शेवटी म्हणाली, तिच्या भावाचा एक तळ रस्त्याकाठी आहे. तिथे गाडी जाते. गाडीने तीन तासांवर दवाखाना आहे. कळप तिथून काही वर्षी जातो, काही वर्षी जात नाही. हृदयाच्या डॉक्टरचं लेखी पत्र आलं तर ती विचार करेल. दहा दिवस जागा ठेवते, म्हणाली. त्याहून जास्त नाही.

मी कामावर गेलो. बाईंना फोन केला असता तर त्यांनी अर्ध्यावर ठेवला असता. समोर गेलो असतो तर गुरुवारसारखीच मान हलवून आलो असतो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत कॅंटीनच्या टेबलावर बसून पत्र लिहिलं आणि कडावला परतणाऱ्या दुधाच्या टेंपोवाल्याच्या हाती दिलं. त्याची प्रत माझ्याजवळ आहे. ती अशी:

बाई, नमस्कार.

हे पत्र बसून वाचा.

आज सकाळी मी त्या आउटफिटर बाईंना तुमच्या स्टेंटचं सांगितलं. विमानाने जायच्या तळावरची तुमची जागा गेली. त्यांच्यावर रागावू नका, हे मी केलंय. तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला. माफी मागावी असं मनात होतं, पण मला पुन्हा तसंच करावं लागेल, म्हणून मागत नाही. वाईट मात्र फार वाटतं.

त्यांनी दुसरा एक तळ सांगितलाय. रस्त्याकाठी आहे. चालणं कमी, दवाखाना तीन तासांवर. कॅरिबू दिसेलच असं नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं. तुम्ही रिकाम्या हाताने परत येण्याची शक्यता बरीच आहे. हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र लागेल. डॉक्टरांनी नको म्हटलं तर हेही नाही.

त्या खात्रीवाल्याला मी तुमच्या वतीने एक ओळसुद्धा लिहिणार नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलंत तर मी अडवू शकत नाही. व्हिसाच्या कागदांसाठी घेतलेला तुमचा पासपोर्ट माझ्याकडे आहे. तुम्ही मागाल त्या दिवशी आणून देईन, दडवून ठेवणार नाही.

तुम्ही चालताना थांबता ते मी पाहिलं. ते कुणाला बोललो नाही, फक्त त्या बाईंना सांगितलं, कारण त्यांनी विचारलं.

सोमवारी सकाळी दहाची पनवेलच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आठ वाजता मी गाडी घेऊन येईन. दार वाजवणार नाही. साडेआठपर्यंत रस्त्यावर थांबेन, आणि तुम्ही आला नाहीत तर कामावर जाईन. उपाशीपोटी यायचं आहे, चहासुद्धा नको. जुने रिपोर्ट कपाटात वरच्या कप्प्यात, निळ्या फाइलमध्ये आहेत.

तुमचा विद्यार्थी