नातीचं नाव आणि फेकलेला बांगुस

माझ्या सासूबाईंचं नाव ग्लिसेरिया. मनिलाजवळच्या मालाबोनच्या मासळीबाजारात त्यांना सगळे ग्लिसिंग म्हणतात. बाजारात शिरलं की आधी त्यांचा आवाज भेटतो, मग त्या, आणि मग त्यांचे मासे. बांगुस मासा विकावा तर त्यांनीच. गिऱ्हाइकाने नुसता कल्ला उचलून बघितला तरी त्या विचारतात, "लग्न करायचंय का त्याच्याशी?"

त्यांच्या आयुष्यात दोनच गोष्टी खऱ्या. एक बांगुस आणि दुसरी सिनेमातली नटी लिगाया मोंतेरो. लिगाया पडद्यावर रडायला लागली की सासूबाई थिएटरात उभ्या राहून रडत, आणि मागचे ओरडत, "बसून रडा की बाई!" लिगायाच्या चाहत्यांच्या मालाबोन मंडळाच्या त्या अध्यक्ष. मंडळाचा गणवेश पिवळा.

समोरच्या गाळ्यावर सुके मासे विकणारी नीलांग ही दुसऱ्या नटीच्या, विदा अल्काराझच्या, मंडळाची अध्यक्ष. गणवेश हिरवा. ही नीलांग म्हणजे माझी सख्खी आई.

मी त्यांच्या मुलीशी, मिलागशी, लग्न करायचं म्हटलं तेव्हा सासूबाईंनी मला पगार विचारला नाही. "सिनेमाला कुणाच्या जातोस?" एवढंच विचारलं. आमच्याकडे आईला नानाय म्हणतात. मी म्हटलं, "नानाय, मी कुस्त्यांना जातो." त्यावर लग्न ठरलं. तेव्हापासून दोघी एकमेकींना मोठ्या अदबीने विहीणबाई म्हणून टोमणे मारतात.

"विहीणबाई, तुमची लिगाया इतकी रडते, तिला माझ्या गाळ्यावर पाठवा. मिठाचा खर्च वाचेल."

"पाठवते हो. पण तुमच्या विदाच्या चेहऱ्यावर काही हलतं का कधी? माझा मेलेला बांगुस बरा. तो निदान तोंड तरी उघडं ठेवतो."

मी बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. घरी येऊनही तेच काम.

मग आम्हाला मुलगी झाली. सासूबाई म्हणाल्या, लिगाया. आई म्हणाली, विदा. मिलाग म्हणाली, "माझ्या मुलीला माणसाचं नाव ठेवा, पोस्टरचं नको." तिला विचारतंय कोण? मुलीचा बाप्तिस्मा लांबत चालला. शेजारणी कुजबुजायला लागल्या की बिननावाचं मूल संध्याकाळी अंगणात आणू नये. मिलाग रडकुंडीला आली. शेवटी दोघी विहिणी आमच्या घरातल्या बाळ येशूच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून बसल्या आणि नवस बोलल्या, की यंदाच्या चित्रपट पुरस्कारात जी उत्कृष्ट अभिनेत्री ठरेल, तिचंच नाव मुलीला, आणि मग कुणी हूं की चूं करायचं नाही. दोघींना आपापल्या बाईची खात्री होती. नामांकनात आणखी नावं होती, पण ती रांग भरायला घेतात असं दोघींचं मत.

समारंभ मनिलाच्या मोठ्या थिएटरात. बाल्कनी चाहत्यांची. डावीकडे पिवळं, उजवीकडे हिरवं, आणि मधल्या पायरीवर मी, मिलाग आणि बिननावाची मुलगी. खाली सेंटचा वास, वर तळलेल्या लसणीचा. बारीकसारीक बक्षिसं चालू होती. उत्कृष्ट संकलनाचं बक्षीस घ्यायला एक टकले गृहस्थ आले, तर सासूबाई म्हणाल्या, "हा कोण? ह्याला लवकर उतरवा." उत्कृष्ट अभिनेता जाहीर झाला तेव्हा आई डबा उघडून भात खात होती.

मग लिफाफा आला. दोन्ही मंडळं उभी राहिली. आईने क्रुसाची खूण केली, ते पाहून सासूबाईंनी दोनदा केली.

"उत्कृष्ट अभिनेत्री... पेर्पेतुआ साल्दारियागा!"

बाल्कनीत असं शांत झालं की आमच्या मुलीची उचकी सगळ्यांना ऐकू गेली.

पेर्पेतुआ म्हणजे खलनायिका. बारा गावची कैदाशीण. जिन्यावरून ढकलणं, दुधात विष घालणं, वारसाहक्काचे कागद जाळणं, हे सगळं एक भुवई उचलून करणारी बाई. त्या वर्षी तिने कधी नव्हे ते एका आंधळ्या आईचं काम केलं होतं. ते आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं. तिच्या सिनेमाला पैसे देऊन कोण जाणार?

सासूबाईंचं तर तिच्याशी जुनं वैर. एकदा जत्रेच्या मिरवणुकीत पेर्पेतुआबाई सजवलेल्या गाडीवरून मालाबोनमधून चालल्या होत्या. आदल्या दिवशीच त्यांनी पडद्यावर लिगायाच्या थोबाडीत दिली होती. सासूबाईंनी टोपलीतला मोठा बांगुस उचलला आणि फेकला. नेम त्यांचा कधी चुकत नाही. तो खांद्यावर बसला. बाईंनी भुवई उचलली, मासा मांडीवर घेतला आणि गाडी पुढे गेली. सासूबाईंना राग कशाचा, तर "मासा परत दिला नाही मेलीने!"

"आता?" मिलाग मला म्हणाली. "पेर्पेतुआ?"

आई डबा टाकून धावत आली. "विहीणबाई, नवस मोडू या. दोन अंडी, एक कोंबडी देऊ. बाळ येशू लहान आहे, विसरेल."

"लहान मुलंच विसरत नाहीत, विहीणबाई!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "पण ह्या कैदाशिणीचं नाव माझ्या नातीला? लोक पाळण्यातच दगड मारतील हो!"

दोघी गळ्यात गळे घालून रडायला लागल्या. लग्नात नव्हत्या रडल्या इतक्या. पिवळ्या आणि हिरव्या बायका एकमेकींना रुमाल देऊ लागल्या.

खाली पेर्पेतुआबाई बोलायला उभ्या राहिल्या. "इतकी वर्षं मी शिव्याच कमावल्या," त्या म्हणाल्या. "भाजीवालीने मला टोमॅटो विकला नाही. माझ्या सख्ख्या भाचीने मला लग्नाला बोलावलं नाही. बक्षीस म्हणाल तर हे दुसरं. पहिलं मालाबोनला मिळालं होतं. एका बाईने मला बांगुस फेकून मारला. मी मनात म्हटलं, माझं काम हिला खरं वाटलं! घरी नेऊन चिंचेच्या सारात शिजवला, आणि रडत रडत खाल्ला."

मी सासूबाईंकडे बघितलं. जागेवर त्या नव्हत्या. कठड्याला ओणवून उभ्या होत्या, अर्ध्या बाहेर. मी त्यांचा परकर धरला.

"ती मी!" तोच बाजारातला आवाज. "ती मी हो बाई! ताजा होता ना?"

सगळं थिएटर वळलं. पेर्पेतुआबाईंनी कपाळावर हात धरून वर बघितलं. एक भुवई चढली.

"ताजा होता," त्या म्हणाल्या. "पण खवले काढलेले नव्हते."

"फेकायच्या माशाचे कोण काढतं?"

थिएटर हसून कोसळलं. सासूबाईंनी मिलागच्या हातून मुलगी ओढून घेतली आणि डोक्यावर धरली. "ही बघा, तुमची पेर्पेतुआ! बाप्तिस्म्याला धर्मआई म्हणून या! मासा साफ करून देते!"

मिलागने माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, आता ही ओरडणार. तर ती हसत होती. "निदान हे पोस्टरवरचं नाव नाही," ती म्हणाली. खरंच होतं ते. खलनायिकेचं नाव पोस्टरवर कोण मोठं छापतं?

रविवारी चर्चमध्ये पेर्पेतुआबाई आल्या. बाजारातली पोरं घाबरून बाकांखाली शिरली. सासूबाईंनी केळीच्या पानात गुंडाळलेला बांगुस त्यांच्या हातात ठेवला, खवले काढलेला, काटेसुद्धा काढलेला. बाईंनी तो अख्ख्या प्रार्थनेत कडेवरच्या बाळासारखा धरला होता.

फादरनी विचारलं, "मुलीचं नाव?"

"पेर्पेतुआ!" दोन्ही आज्या एकदम ओरडल्या. दोघींचं एकमत झाल्याचं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

डोक्यावर गार पाणी पडलं. मुलगी रडली नाही. तिने फादरकडे बघितलं आणि सावकाश एक भुवई वर उचलली.

सासूबाईंनी आईच्या कमरेला कोपर मारलं. "बघितलंत, विहीणबाई? याला म्हणतात अभिनय."