टिपणं न वाचता

परदेशातल्या कॉलेजांसाठी इंग्रजीची एक परीक्षा असते. आता आपल्याकडची काही मोठी खाजगी कॉलेजंही तिचे मार्क बघून शिष्यवृत्ती देतात. तिची शिकवणी मी बीदरला घेते. त्या परीक्षेत एक प्रकारचा प्रश्न हमखास येतो. कुणा विद्यार्थ्यानं अभ्यास करताना काढलेली चार-पाच टिपणं दिलेली असतात. अमुक पक्षी कुठं राहतो, काय खातो, कुणाला सापडला. खाली एक ओळ असते, त्या विद्यार्थ्याला काय साधायचंय ते सांगणारी. फरक दाखवायचाय, की साम्य, की नुसती ओळख करून द्यायचीय. मग टिपणं जोडून केलेली चार वाक्यं. त्यातलं एक निवडायचं.

पोरं अडतात ती एकाच ठिकाणी. चारही वाक्यं खरी असतात. खोटं त्यात काहीच नसतं. खालच्या ओळीचं काम मात्र त्यातलं एकच वाक्य करतं.

म्हणून माझी पद्धत सोपी आहे. टिपणं वाचायचीच नाहीत. खालची ओळ वाचा, चार वाक्यांवरून नजर फिरवा, फरक मागितला असेल तर फरकाचं वाक्य उचला आणि पुढं चला.

"मॅडम, वाचायचंच न्हाई तर लिवतेत कामून?" एकानं विचारलं होतं.

"तुझा वेळ खायला," मी म्हटलं. वर्ग हसला. पद्धत मात्र चालते. माझ्या पोरांचे या प्रश्नांत सहसा मार्क जात नाहीत.

परीक्षा तोंडावर आली की मी तोंडी सराव घेते. प्रत्येकानं घरचीच माहिती घेऊन एक प्रश्न तयार करायचा, उभं राहून सांगायचा, बाकीच्यांनी उत्तर ओरडायचं. त्या दिवशी बसवकल्याणच्या एका मुलानं म्हैस आणि काका यांच्यातला फरक विचारला. उत्तर होतं, "दोघंही दुपारभर लोळतात, पण म्हैस दूध देते." पोरं बाकं बडवायला लागली.

त्यानंतर ती उभी राहिली. वर्गातली सगळ्यात तयारीची मुलगी. मूळ गाव कमलनगरकडचं, वडील बीदरला लागूनच असलेल्या कोळारला एका गोदामात कामाला, तिथंच दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. त्या वेळी मी मोबाइलवर गाडीवाल्याशी बोलत होते. परीक्षेचं केंद्र हैदराबादला होतं, आदल्या दिवशी निघायचं होतं, आणि मुलं किती, सामान किती, हे तो विचारत होता.

तिनं टिपणं सांगितली. आईच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. तिला आधाराशिवाय कूस बदलता येत नाही. वडिलांना रजा नाही. गावाकडची माणसं सोयाबीनच्या काढणीत आहेत. अभ्यास पूर्ण झालाय. खालची ओळ होती: विद्यार्थिनीला दोन गोष्टींतला विरोध दाखवायचा आहे. मग तिनं चार वाक्यं सांगितली.

"तिसरं!" पोरं ओरडली.

"कशावरून?" मी मान वर न करता विचारलं.

"त्यातच पण-परंतु हाय, मॅडम!"

"शाब्बास. बस. पुढचा कोण?"

तिसरं वाक्य होतं, "अभ्यास पूर्ण असूनही विद्यार्थिनीला परीक्षेला जाता येणार नाही, कारण आईला एकटं ठेवता येत नाही." ते मला शब्द न् शब्द आठवतं. म्हणजे कानावर पडलं होतं. ती लगेच बसली नव्हती, हेही आठवतं.

त्यानंतर ती वर्गाला आली नाही. मी ग्रुपवर एक ओळ टाकली, न येणाऱ्यांनी कळवावं. फोन केला नाही. ऐन वेळी कच खाल्ली, असं मनात म्हटलं आणि कामाला लागले. हैदराबादला जाताना तिची जागा मोकळी होती. तिथं मी डबे ठेवले.

परत आल्यावर स्कूटी काढून कोळारला गेले, खरं सांगायचं तर तिला झापायलाच. वडील पाळीला निघाले होते. मला बघून चपला काढून पुन्हा आत आले.

"बसा मॅडम. परीक्षा झाली का पोरांची?"

"त्यांची झाली. हिचं काय? एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

ते गोंधळले. "सांगितलं की तिनं. मीच म्हणलो, मॅडमला सांग, त्या काय तरी वाट काढतील. आल्यावर इचारलं, काय म्हणल्या गं? तर म्हणली, शाब्बास म्हणल्या." ते पुढं म्हणाले, "मग आमाला वाटलं, तुमालाबी पटलंय. आईकडं बघायलीय पोरगी, म्हणून शाब्बास म्हणलाव."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ती आत भाकरी थापत होती. मी जाऊन शेजारी उभी राहिले. "सरळ येऊन बोलायचं की गं. कामून न्हाई बोललीस?"

"बोलले की, मॅडम. समद्यांनी बरोबर वळखलं." तिनं भाकरी उलटली. "मला वाटलं, तास सुटल्यावर तुमी इचारताव."

प्रश्न दोन दिवसांचा होता. माझ्याकडं काम करणारी अक्का येऊन राहिली असती. मी राहिले असते आणि पोरांबरोबर कुणाच्या तरी वडिलांना धाडलं असतं. मला न सुटण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण आता ती ज्या कॉलेजसाठी परीक्षेला बसणार होती, त्याची या वर्षीची शिष्यवृत्ती गेली होती. पुढची परीक्षा काही महिन्यांनी, आणि प्रवेश त्याच्या पुढच्या वर्षी, तोवर घरात काय ठरेल ते ठरेल.

मी वडिलांना म्हटलं, पुढच्या वेळी हिला मी धाडते, इथं मी राहते.

"बघू," ते म्हणाले.

खाटेवरून आईचा आवाज आला. "मॅडम, तुमाला माझी कूस बदलता येतीया का?"

"येत न्हाई. शिकवा."

आई हसली. हसताना दुखलं तिला.

तेव्हापासून रविवारी जाते. एक हात खांद्याखाली, एक गुडघ्यामागं, आणि अंग एका दमात वळवायचं. मुलगी बाहेरच्या खोलीत घड्याळ लावून सरावाचा पेपर सोडवते. टिपणं सगळी वाचते, वेळ जातो, तरी वाचते. मी अडवत नाही. पहिल्याच रविवारी माझा हात चुकीच्या जागी पडला, आई कळवळली, आणि ती अर्धा पेपर टाकून आत धावत आली. आईला तिनंच नीट केलं. बाहेर घड्याळ चालू होतं.