तेलाच्या विहिरीवरचा मामा

माझा एकुलता एक मामा तेलाच्या विहिरीवर कामाला होता. आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले. वडील सुरतेत नवागामला कापडाचे लूम चालवायचे आणि मामा अंकलेश्वरच्या बाजूला, एका ठेकेदाराच्या हाताखाली, जमिनीत भोक पाडणाऱ्या यंत्रावर. महिन्यातून एकदा सुट्टी मिळाली की तो आमच्याकडे यायचा. त्याचे कपडे आई वेगळ्या बादलीत सोडा घालून भिजवायची, तरी वास जायचा नाही.

आखातात युद्ध पेटलं त्या हिवाळ्यात रॉकेल मिळेनासं झालं. आई डबा घेऊन रेशनच्या दुकानापुढं सकाळभर उभी राहायची आणि पुष्कळदा ‘खलास थई गयुं, बेन’ एवढं ऐकून परत यायची. मग लाकडाच्या भुशाची शेगडी पेटायची आणि आमची एकच खोली धुरानं भरून जायची. पुढंही भाव चढतच राहिले. वीज आणि डिझेल परवडत नाही म्हणून लूमच्या शेठनं एक पाळी बंद केली. वडील आठवड्यातले तीन दिवस घरी बसायला लागले.

घरी म्हणजे चहाच्या लारीवर, नाक्यावरच्या हातगाडीपाशी. तिथं गुजराती छापं, म्हणजे वर्तमानपत्र, मोठ्यानं वाचलं जायचं. आपल्याच जमिनीत तेल असताना बाहेरून का आणायचं? सरकारला खोदायला जमत नसेल तर खासगी कंपन्यांना का देत नाहीत? वडिलांना हे सगळं मनापासून पटलं होतं. मामा आला की त्याच्याशीही तोच विषय.

मामा म्हणायचा, “दाजी, जमीन काय घागर आहे, कलंडली की तेल आलं? किती ठिकाणी खणावं, तेव्हा कुठं एका जागी लागतं.”

“मग जास्त ठिकाणी खणा!” वडील म्हणायचे, आणि दोघंही हसायचे. तोवर ते हसण्यावारी जात होतं.

त्या उन्हाळ्यात मी दहा वर्षांची होते. मामानं मला त्याचं काम दाखवायला नेलं. कुंपणाच्या बाहेरूनच पाहिलं. दूर शेतापलीकडं एका उंच नळीच्या टोकाला भलामोठा जाळ होता. भर दुपारी, कडक उन्हातसुद्धा तो दिसत होता.

“त्यावर काय शिजतं?” मी विचारलं.

“काहीच नाही. तेलाबरोबर गॅस वर येतो. तो न्यायला अजून पाइप टाकलेले नाहीत, मग जाळून टाकावा लागतो. मोकळा सोडला तर धोका.”

घरी आल्यावर मी पहिली बातमी तीच सांगितली. आई शेगडी फुंकत होती. मी म्हटलं, “तिथं रात्रंदिवस जाळ असतो आणि त्यावर कुणीच स्वयंपाक करत नाही.” पाइपांचं सांगायचं राहिलं. जेवताना वडिलांचा हात मधेच थांबलेला मला आठवतो.

निवडणुकीच्या दिवसांत आमच्या नाक्यावर एका उमेदवाराची सभा झाली. कामगारांपैकी कुणीतरी बोलावं म्हणून लोकांनी वडिलांना पुढं ढकललं. त्यांचा आवाज आधी कापत होता, मग चढला. “माझ्या पोरीनं डोळ्यांनी पाहिलंय,” ते म्हणाले, “आमच्या बायका धुरात मरतात आणि तिकडं गॅस जाळून टाकतात! ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून विहिरी काढून घ्या, घरी पाठवा एकेकाला!” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वळून पाहिलं तर गर्दीच्या मागं खांद्याला पिशवी लावून मामा उभा होता. स्टेशनावरून थेट आला होता.

घरी आल्यावर तो राग न धरता, नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, “दाजी, घरी पाठवायचं म्हणजे मलाच ना?”

वडिलांच्या कानांत अजून टाळ्या असाव्यात. “तुझ्या एकट्याच्या नोकरीसाठी सगळ्यांनी धूर खायचा का?”

आई मधे पडली. “भाऊ, दोन घास खाई ले.”

“भूक नही शे, ताई,” म्हणून मामानं पिशवी उचलली. तो परत आमच्या घरी आला नाही.

दोन-तीन वर्षांत खरंच काही विहिरी खासगी कंपन्यांकडं गेल्या. मामाच्या ठेकेदाराचं काम संपलं, नव्या मालकानं आपली माणसं आणली. वडिलांच्या भाषणानं ते घडलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. वडिलांना मात्र ते कधी पटलं नाही.

मामा गावी परतल्याचं कळलं तेव्हा ते मला घेऊन त्याला भेटायला गेले. तो ओट्यावर बसला होता, खोकत होता, फार वाळला होता. वडील त्याच्या शेजारी बसले आणि खाली बघत म्हणाले, “माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं.”

“काय म्हणता दाजी?” मामानं कान पुढं केला.

यंत्राच्या आवाजानं त्याचे कान गेले होते. तो मोठ्यानं बोलतो ती त्याची सवयच, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो.

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं, मग अंगणाकडं. “म्हटलं, यंदा पाऊस कसा आहे?” ते मोठ्यानं म्हणाले.

“बरा आहे,” मामा म्हणाला आणि त्यानं आतून आमच्यासाठी चहा सांगितला.

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. वडिलांचं ते पहिलं वाक्य मामाच्या कानाशी जाऊन मी ओरडून सांगू शकले असते. मोठ्यांचं मोठ्यांनी पाहावं, असं वाटलं.

त्याच वर्षी थंडीत मामा गेला. छातीचं दुखणं होतं म्हणाले. रॉकेलचा भाव काही उतरला नाही. वडील लारीवर जायचे, चहा घ्यायचे, पण छापं वाचायला सुरुवात झाली की उठून यायचे.

पुढच्या भाऊबीजेला आईनं ताट तयार केलं. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, म्हणून ती संध्याकाळी चाळीच्या गच्चीवर गेली. वारा होता, निरांजन पेटतं राहत नव्हतं. वडील पाठोपाठ वर आले आणि दोन्ही तळव्यांचा आडोसा करून ज्योतीपाशी उभे राहिले. आईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. ओवाळून झालं, ती खाली उतरली. ते बराच वेळ वरच थांबले. जेवायला बोलवायला मला जावं लागलं.