आठ सूत तिरकी

संस्थान गेलं, मध्य भारत आला, तोही गेला आणि मध्य प्रदेश झाला. या सगळ्यात माझ्या यजमानांची संस्थानच्या मोटारखान्यातली नोकरी गेली ती गेलीच. तिथे ते उस्ताद, म्हणजे मुख्य मिस्त्री होते. पुढे महूच्या फौजी लिलावातून एक जुनी जीप घेतली. ती इंदूर-सिमरोल सवाऱ्या नेई, त्यावर घर चाले.

सिमरोलकडचा काळा चिखल चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या दांड्यांत बसून बसून मागचा भाग गंजला, पापडासारखा मोडू लागला. फिटनेसचा कागद संपत आला होता. नवा मिळाला नाही तर लाइन बंद. यजमानांनी भंगारातून दुसऱ्या जीपच्या चासीचा मागचा अर्धा भाग आणला आणि अंगणातच काम मांडलं. वेल्डर मोटारखान्यात त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

जुना भाग कापला, नवा ठोकळ्यांवर टेकवला. पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांच्या भोकांतून ओळंबे सोडले, खाली फरशीवर खडूच्या खुणा केल्या. मग पुढच्या उजव्या खुणेपासून मागच्या डाव्या खुणेपर्यंत एक तिरकं माप, आणि तसंच उलट बाजूचं दुसरं. दोन्ही सारखी आली की चासी सरळ. एवढं मला बघून बघून कळत होतं.

यजमानांनी दोन्ही मापं घेतली आणि "बरोबर" म्हणाले. वेल्डरने तात्पुरते टाके मारले. दोघं हात धुवायला गेले तेव्हा मी फीत लावली. आठ सूत फरक, म्हणजे अख्खा एक इंच. पुन्हा लावली. तेवढाच.

मला आश्चर्य वाटलं नाही. वर्षभर पेपर मीच वाचून दाखवत होते. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता आणि गेलेली नजर परत येत नाही, हेही. ते आम्हा दोघांतच होतं.

"अहो, इंचभर तिरकी आहे."

"शिवणाच्या फितीने चासी मोजतेस? उद्या लाटण्याने टायर ठोकशील."

"भिया, तुम्ही एकदा बघा ना," मी वेल्डरला म्हटलं.

त्याने खिशातली फीत चाचपली आणि हात तसाच राहू दिला. मोटारखान्याची रीत होती: उस्तादने मोजल्यावर दुसऱ्याने मोजायचं नाही. "भाभीजी, उस्तादजींनी बघितलं ना. मग आम्ही काय बघणार?"

हट्ट धरला असता तर डोळ्यांचं बोलावं लागलं असतं. मी आत जाऊन पोळ्या लाटल्या. संध्याकाळपर्यंत पूर्ण वेल्डिंग झालं, जोडांवर मजबुतीच्या पट्ट्याही बसल्या.

तपासणीला जीप यजमानांनीच नेली. मी शेजारी बसून "डावीकडे बैलगाडी", "समोर सायकल" सांगत होते. काही महिने असंच चाललं होतं. सवाऱ्यांना वाटे, बाई फारच बोलते.

इन्स्पेक्टर पोरगेलासा, पण कामाचा होता. त्याने धुळीच्या मैदानात जीप सरळ चालवायला लावली, स्वतः मागे उभा राहिला आणि हसायलाच लागला.

"दादा, गाड़ी जा रही महू, पिछाड़ी जा रही खजराना!"

मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने चालतच नव्हती. धुळीत वेगवेगळे पट्टे स्पष्ट उमटले होते. "ये देखिए," तो म्हणाला.

यजमान खाली उतरून त्या पट्ट्यांवरच उभे होते. "किधर?" त्यांनी विचारलं.

इन्स्पेक्टरचं हसू थांबलं. त्याने हातातली पेन्सिल त्यांच्या डाव्या बाजूला उंच धरली. "ये क्या है, दादा?"

यजमान माझ्या दिशेने तोंड करून थांबले. इन्स्पेक्टरही माझ्याकडेच बघत होता.

फिटनेस मिळाला नाही. लायसन्सही ठेवून घेतलं. पुन्हा कापून जोडू, असं वेल्डर दुसऱ्या दिवशी सांगायला आला. चालवणार कोण, हे मी त्याला विचारलं नाही.

तपासणीच्या दिवशी जीप मैदानातच सोडून आम्ही पायी निघालो. यजमानांनी माझा दंड धरला होता. रस्त्यात ओळखीचे टांगेवाले थांबून विचारत, "उस्तादजी, आज पैदल?"

"हां भिया, बाईला चालायचं होतं," ते म्हणत. मी मान हलवत होते.