चिंचेत भिजवलेल्या पुंगळ्या

२००४ साली आम्ही अमेरिकेत बॉथेलला राहत होतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, आणि मी मेटलर्जीची इंजिनिअर, पण त्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे घरी. काम करायची परवानगी नव्हती. नागपूरला कॉलेजात चार वर्षं धातू कापण्यात, घासण्यात आणि मायक्रोस्कोपखाली बघण्यात गेली होती. इथे मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. चिडचिड व्हायची, आणि ती बिचाऱ्या नवऱ्यावर निघायची.

शेजारी एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ एकटे राहायचे. आयुष्य लाकूडतोडीत गेलेलं. यंत्राची करवत धरून धरून बोटांची टोकं बधिर झालेली. शर्टाची बटणंसुद्धा ते बघून बघून लावायचे. दर वर्षी थंडीच्या तोंडावर ते डोंगरापलीकडे एल्कच्या शिकारीला जायचे. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. रायफल त्यांच्या वडिलांची, आणि तिच्या मापाची काडतुसं दुकानात मिळत नसत. म्हणून झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी जपून ठेवायची, तिच्यात नवी दारू, नवी गोळी भरायची आणि ती पुन्हा वापरायची, हा त्यांचा गॅरेजमधला उद्योग.

एकदा कुंपणापाशी बोलताना ते म्हणाले की चांगल्या पुंगळ्यांचीही तोंडं कपाटात ठेवल्या ठेवल्या तडकतायत. मी विचारलं, कपाटात आणखी काय असतं? निघाली काच पुसायच्या अमोनियाची गळकी बाटली. मग मी सुटलेच. अमोनियाचं आणि पितळेचं कसं जमत नाही, इंग्रजांच्या काळात आपल्याकडे घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात कशी तडकायची, सगळं सांगितलं. दोन वर्षांत मला कोणी काही विचारलंच नव्हतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इंजिनिअर, मग या सीझनच्या पुंगळ्या तूच निवड."

काय बघायचं ते त्यांनी शिकवलं. बुडावरचा शिक्का एकाच कंपनीचा हवा, तोंडाला चीर नको. आणि मुख्य म्हणजे बुडाच्या जरा वर आतली भिंत झिजलेली नको. प्रत्येक बाराला पितळ थोडं ताणतं आणि तिथेच पातळ होतं. एक दिवस पुंगळी तिथेच तुटते, आणि तेव्हा माणसाचा गाल रायफलीला टेकलेला असतो. बाहेरून तिथे एक चकचकीत कडं दिसू लागतं. आतून वाकवलेली तार फिरवली की खाच लागते. "मला तारेनं काही कळत नाही," ते म्हणाले. "तुझी बोटं चांगली आहेत."

पन्नास पुंगळ्यांचा डबा मी घरी आणला. नवरा म्हणाला, "यार, तू कशाला पडतेस या गन-बिनच्या भानगडीत?" मी लक्ष दिलं नाही. पुंगळ्या काळ्याकुट्ट होत्या, आणि काळं पितळ दिसलं की आमच्या घरातल्या बायकांचे हात शिवशिवतात. मी त्या चिंचमिठात भिजवल्या आणि तारेच्या घासणीनं खसाखसा घासल्या. समईसारख्या लखलखल्या. मग तार फिरवून तपासल्या, सहा बाजूला काढल्या, आणि चव्वेचाळीस चांगल्या म्हणून ऐटीत त्यांच्यापुढे ठेवल्या.

त्यांनी एक उचलून उलटी केली. मग दुसरी. मग तिसरी. "रेघा कुठे गेल्या?" त्यांनी विचारलं.

प्रत्येक बारानंतर ते बुडावर मार्करनं एक रेघ मारायचे. कुठल्या पुंगळीवर दोन रेघा होत्या, कुठल्या पुंगळीवर सात. मला तो मळ वाटला होता. ते चकचकीत कडंही आता दिसणार नव्हतं, कारण सगळंच चकचकीत होतं. आधी बघायचं आणि मग घासायचं, हे मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी बोलणी खाऊन शिकले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते रागावले नाहीत. माझ्या चव्वेचाळीसमधली एक त्यांनी पकडीत धरली आणि करवतीनं उभी चिरली. आत बुडाशी केसाएवढी खाच होती. तिच्यावरून माझी तार गेली होती आणि मला कळलं नव्हतं.

"बाकीच्यांचं काय?" त्यांनी विचारलं.

सीझनला दोन आठवडे होते. नव्या पुंगळ्या मागवल्या तर वसंतात येणार होत्या. त्यांचा गुडघा दर वर्षी जास्त दुखत होता, आणि अजून किती वर्षं जाता येईल हे त्यांना ठाऊक नव्हतं. शिकारीला काडतुसं लागतात पाच-सहा. पुन्हा एकदा तपासते आणि त्यातल्या दहा उत्तम काढून देते, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. माझी चूक झाकली गेली असती, आणि त्यांचा सीझनही वाचला असता.

"मला खात्री नाही," मी म्हणाले. "एकही वापरू नका."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी मान हलवली, डबा बंद केला आणि गॅरेजचा दिवा मालवला. घरी येऊन मी सिंकपाशी उभी राहून रडले.

सीझन उघडला त्या शनिवारी सकाळी पडदा सरकवला, तर त्यांचा ट्रक दारातच उभा होता. दोन कप चहा घेऊन मी गेले. ते गॅरेजमध्ये बसले होते.

"माझा राग आला ना तुम्हाला?" मी विचारलं.

"आला होता. चांगला आठवडाभर होता. म्हणूनच तुझ्याकडे फिरकलो नाही." मग त्यांनी बाकाकडे बोट दाखवलं. माझ्या चव्वेचाळीसमधल्या सगळ्या पुंगळ्या उभ्या चिरून ओळीनं मांडल्या होत्या. "काल बसून कापल्या. बऱ्याचशा चांगल्या निघाल्या. या नऊ नाही."

नऊ त्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. मी एक उचलली. बुडाशी भिंत इतकी पातळ झाली होती की नखानं दाबल्यावर वाकली.

"तू त्यातल्या पाच-दहा काढून दिल्या असत्यास, तर मी त्या भरून घेऊन गेलो असतो," ते म्हणाले. "पुन्हा बघितल्यासुद्धा नसत्या."