तीन नंबरच्या शर्टाच्या पिना

वेंडेल,

तुला जाऊन पाच आठवडे झाले, तरी तुझ्याशी वाद घालायची माझी सवय काही जात नाही. म्हणून लिहिते. तू मध्येच बोलणार नाहीस, एवढी एक सोय.

आपल्या केल्टनच्या बेसबॉल संघाचे मॅनेजर किती झाले? तू म्हणायचास सतरा, मी म्हणायचे अठरा. मी लायब्ररीतली, जुनी वर्तमानपत्रं माझ्या ताब्यात. तू खेळाडूंच्या खोलीतला, चाळीस वर्षं त्यांचे कपडे तुझ्या ताब्यात. आपल्याकडे मॅनेजरही, पोट सुटलेलं असलं तरी, खेळाडूंसारखाच गणवेश घालून बसतो. संघ गरीब. एक मॅनेजर गेला की त्याचा तीन नंबरचा शर्ट तू उसवायचास आणि पुढच्याच्या मापाने शिवायचास.

त्यामुळे तुला माणसं कंबरेवरून आठवायची. "डॉब्रिन? चौतीस आला, बेचाळीस गेला. बायकोच्या हाताला चव होती."

"आणि मर्टन?"

"एखाद्या पोराला संघातून काढायचं म्हटलं की रडायचा. टेबलावर टॉवेल ठेवायचो मी."

"सामने जिंकले का त्याने?"

"टॉवेल खूप धुतले, एवढं आठवतंय."

राहता राहिला अठरावा. चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये मालकांनी सकाळी कोवालिकला काढलं. नवा मॅनेजर दुसऱ्या दिवशी यायचा होता, आणि खालच्या लीगमध्ये मदतनीस कुठला असायला? मालक तुला म्हणाले, "वेंडेल, आजच्या दिवस शर्ट तू घाल." कोवालिक म्हणजे पिंप. तुझ्या अंगावर शर्ट तंबूसारखा लोंबला. दुसऱ्यांचे कपडे बेतण्यात जन्म गेला तुझा, पण त्या दिवशी स्वतःचा शर्ट बेतायला वेळ नव्हता. मागून सहा पिना लावून तू मैदानात आलास आणि फलंदाजांच्या क्रमाचा कागद अंपायरच्या हातात दिलास.

दुसरी प्रत तू आपल्या बाकाजवळ टांगली होतीस. नक्कल करताना अंपायरच्या कागदावर तिसरं आणि चौथं नाव उलटसुलट झालं. आपला डेल्गाडो टांगलेल्या प्रतीप्रमाणे तिसरा गेला. काय फटका मारला त्याने, दोन धावा आल्या. समोरचा मॅनेजर शांतपणे अंपायरकडे गेला, कागद दाखवला. बेसबॉलमध्ये कागदावरचा क्रम मोडला की झालं, धावा रद्द. एका धावेने हरलो. तू बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होतास. मी वर प्रेक्षकांत बसून पाहत होते. हाक मारावीशी वाटली, मारली नाही.

यंदा संघाने प्रवेशदाराशी मॅनेजरांचे फोटो लावायचे ठरवले आणि यादी माझ्याकडे मागितली. मी अठरा नावं लिहिली. तू तडक घरी आलास.

"खोड ते, थेल्मा. एका दिवसाचा कसला मॅनेजर? शर्ट सांभाळणारा माणूस मी."

"हार कोणाच्या नावावर छापलीय?"

"माझ्या."

"मग झालं तर. शर्ट सांभाळणाऱ्याच्या नावावर हार छापत नाहीत."

तू कॉफी न पिताच गेलास. आठवड्याने परत आलास, कागदी पिशवीत तोच शर्ट घेऊन. तेव्हा नवा मॅनेजर कोवालिकहूनही जाड निघाला, त्याला नवाच शर्ट लागला, आणि हा तू ठेवून घेतला होतास. सहाही पिना जागच्या जागी, गंजलेल्या.

"फोटो काढायचा तर ह्यात काढीन," तू म्हणालास. "पण नीट शिवून. माझे हात थरथरतात आता. मिसेस ओल्सनकडे टाकशील? मागून आत घ्यायला सांग."

"फोटो पुढून काढतात वेंडेल. पाठ कोण बघतंय?"

"मला ठाऊक असेल ना."

गुरुवारी टाकते म्हटलं. गुरुवारी लायब्ररीची मीटिंग लांबली, शुक्रवारी मला कंटाळा आला. खरं तेच सांगते. रविवारी तू गेलास.

दाराशी सतरा फोटो लागलेत. अठराव्या चौकटीत नुसतं तुझं नाव आहे. शर्ट माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीच्या पाठीवर आहे, पिनांसकट. मिसेस ओल्सनचं दुकान इथून दोन वळणांवर.