बेडकीची डावी सीट

माझ्या धाकट्या जावेकडे एक गोष्ट होती आणि माझ्याकडे ती नव्हती. बेडकीची डावी सीट.

बेडकी म्हणजे माझ्या दिराची उघडी लाल मोटार. दोनच माणसं मावतील एवढी, आणि पुढचे दोन दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले. अकोल्याच्या एका कापूस-जिनिंगवाल्याकडून दिरानं ती घेतली आणि अमरावतीला आमच्या अंगणात आणून उभी केली, नेमकी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. दीर वकील, माझे हे मास्तर. ते बेडकीनं कोर्टात जात, हे सायकलनं शाळेत.

परवा अमरावतीत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. नातू आम्हा दोघी जावांना घेऊन गेला, तर तिथं बेडकी! मागं दिरानं विकलेली, अकोल्याच्याच एका हौशी माणसानं नव्यानं सजवलेली. नातू मोबाइलवर तिचा इतिहास वाचून दाखवू लागला. विलायतेतली गाडी. तरुण पोरांना परवडावी म्हणून इतक्या काटकसरीनं बनवलेली, की दाराला बाहेरून मूठ नाही, मागं डिक्कीला झाकण नाही. तिकडं सदा आभाळ, म्हणून जरा ऊन पडलं की लोक टप काढून हिंडायचे. पुढं तिकडं तसल्या गाड्या मागं पडल्या, तेव्हा जपान्यांनी तीच कल्पना उचलली आणि जगाला पुन्हा वेड लावलं.

"उन्हासाठी तरसलेल्या लोकाइची गाडी अन् आणली कुठं, तर वऱ्हाडात!" मी म्हटलं.

हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी नुसती जळत होते. दोन पोरांची आई, आणि पोळ्या लाटता लाटता खिडकीतून बघायची काय, तर धाकटी आज किती वेळा गाडीत बसली. आत हात घालून ती दाराची कडी काढायची, तेही अशा झोकात, की माझी पोळी हमखास करपायची. उन्हाळ्यात ती सीट तव्यासारखी तापे. धाकटी ओला टॉवेल अंथरून, ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा टाकून, डोळ्यांवर काळा चष्मा लावून बसे. मी मनात म्हणे, देवा, अजून तापव.

गाडीचा कापडी टप सुटा होता. उन्हाळाभर तो पडून असे. एका वर्षी मी तो गच्चीवर अंथरला आणि त्यावर घरभराच्या कुरडया घातल्या. जागा पुरत नव्हती, असं सांगितलं. खरं कारण एवढंच, की तिच्या गाडीचं काहीतरी माझ्या पायाखाली यावं. चिकाचे डाग तसेच ठेवून मी त्याची घडी घातली. अडगळीत उंदरांनी तो कुरतडला. मला माहीत होतं. तरी मी तो तिथंच राहू दिला.

मग भाद्रपद आला. त्या साली पावसानं ओढ दिलेली, टपाची घडी अजून कुणी उलगडलीच नव्हती. आमच्या थोरल्या-धाकट्या महालक्ष्म्यांचे शाडूचे मुखवटे अकोल्याला रंगवायला दिले होते. दीर गाडीनं आणायला जाणार होते, आणि मुखवटे मांडीवर धरायला एक बाई हवी होती. धाकटी निघालीच होती.

मी हातातलं उलथनं न ठेवता म्हटलं, "आई, मुखवटे थोरल्या सुनेनंच आणा लागते. आमच्या माहेरी तशीच रीत हाय."

माहेरी मुखवटे पितळेचे होते आणि कधी उंबरठ्याबाहेर गेले नव्हते.

सासूबाई म्हणाल्या, "देवीचं काम हाय. रीत मोडू नाही. तू जाय."

अकोल्याहून परत निघाले ती मी राणीच. मूर्तिजापूर गेलं आणि जोराची सर आली. दिरानं गाडी थांबवून मागं टाकून आणलेला टप चढवला, तर डाव्या सीटच्या बरोब्बर वर परातीएवढं भोक!

"वहिनी, हे काय हो?"

"उंदरं असतीन," मी म्हटलं. ते खोटं तरी नव्हतं.

मुखवट्यांवर पदर घालून मी ओणवी झाले. ज्या सीटसाठी जीव टाकला होता, तिच्यावर बसून अमरावतीपर्यंत मी फक्त माझे गुडघे पाहिले.

घरी पदर काढला. धाकटी महालक्ष्मी कोरडी ठणठणीत. थोरलीचे डोळे गालांवर ओघळलेले. सासूबाई देवळात गेल्या होत्या म्हणून निभावलं. जावेनं एक शब्द न विचारता मुखवटा माझ्या हातातून घेतला, काजळाची डबी आणि काडी आणली, आणि डोळे काढले. दुसऱ्या दिवशी जेवायला आलेली प्रत्येक बाई म्हणे, "यंदा थोरलीचे डोळे कसे बोलून राह्यले, माय!" मी आंबील वाढत होते. आभार मानायचे सोडून तिच्या हातावर जळत होते.

रीत मात्र चिकटली. आजही मुखवटे रंगवून आणायला माझी थोरली सून जाते, भक्तिभावानं, गाडीत एसी लावून.

तर परवा प्रदर्शनात गाडीवाला म्हणाला, "आजी, एक जण बसा, फोटो काढू."

मी जावेकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तुमीच बसा, मोठ्याबाई. थोरलीचीच रीत हाय ना," ती म्हणाली. मग माझ्या कानाशी येऊन, "आज टपही नाही. कुरडयाचा चीक तवाच दिसला होता मले."

इतकी वर्षं! आणि एकदाही बोलली नाही. त्याचाही मला राग आला.

बसले. उठताना दोघांनी ओढून काढावं लागलं, ते सोडा. फोटोत मी सीटमध्ये रुतलेली, नुसता अंबाडा आणि चष्मा. ती मात्र पुढच्या दिव्यावर हात ठेवून उभी, ताठ, हसरी. मी नातवाला म्हटलं, "हिले कापून टाक."

"आजी, तिले कापलं तं बेडकीचा एक डोळा जाते."

राहू दे म्हटलं.